देवमातेच्या नदीतला मासा

आमच्या गावच्या मासळीबाजारात गेली काही वर्षे रूपचंद नावाचा एक मासा रोहू-कटल्याच्या पंक्तीत येऊन बसला आहे. ताटलीसारखा रुंद, पाठीवर रुपेरी करडा आणि छातीपोटाशी तांबूस असा हा मासा, ज्यांना पापलेट परवडत नाही त्यांच्या घरी पापलेटाच्या जागी जातो. एके दिवशी मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत आहे हे ध्यानात येताच मासळीवाल्या मावशींनी आपण होऊन सुरीच्या टोकाने त्याचा ओठ दुमडला आणि म्हणाल्या, “दात बघा दादा, मान्सावानी हायेत.” खरोखरच ते दात माशाचे वाटत नव्हते, चपटे, रुंद, एकाला एक लागून बसलेले, माणसाच्या दाढांची लहान प्रतिकृती वाटावी असे. हा माल आंध्रातल्या तळ्यांवरून बर्फाच्या पेट्यांतून येतो, एवढे मावशींना ठाऊक होते, आणि ते खरेही होते. परंतु ते दात आंध्रातल्या तळ्यांत तरंगणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांसाठी घडलेले नाहीत. दक्षिण अमेरिकेत अमेझॉनच्या खोऱ्यात पावसाळ्यात नद्या काठ सोडून मैलोगणती अरण्यात शिरतात, वृक्षांच्या बुंध्यांमधून मासे पोहू लागतात आणि वरून पाण्यात पडणारी कठीण कवचाची फळे व बिया ते फोडून खातात. त्या अरण्यासाठी ते दात आहेत. बांगलादेशमार्गे हा मासा आपल्याकडे आला आणि रूपचंद झाला. त्याच्या मायदेशी, पेरूमध्ये, त्याला पाको म्हणतात.

ज्या देशातून हा मासा निघाला त्याच देशातून आपल्याकडे आणखी एक वस्तू येते आणि ती मासळीबाजारात नव्हे, सराफकट्ट्यावर पोहोचते. अलीकडच्या वर्षांत पेरूहून भारतात येणाऱ्या मालात सर्वांत मोठा वाटा सोन्याचा आहे. त्यातले किती सोने डोंगरातल्या मोठ्या खाणींतले आणि किती नदीकाठच्या गाळातले, हे दागिन्याकडे पाहून कोणाही जाणकाराला सांगता येणार नाही. नदीकाठच्या गाळातले सोने काढताना त्या नदीतल्या माशांचे, त्या माशांवर जगणाऱ्या माणसांचे आणि अखेर तळी खणून मत्स्यपालनाकडे वळलेल्या शेतकऱ्यांचे काय होते, हे मला येथे सांगायचे आहे.

पेरूच्या आग्नेय कोपऱ्यात, ब्राझील आणि बोलिव्हिया यांच्या हद्दींना लागून, माद्रे दे दिओस नावाचा प्रांत आहे. त्यातून वाहणाऱ्या नदीचेही नाव तेच. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ ‘देवाची माता’. कृष्णामाई, गंगामाई म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे नाव परके वाटू नये. प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे ८५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडे अधिक; आणि २०१७ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती अवघी १,४१,००० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी. बाकी सारे अरण्य आणि पाणी. अँडीज पर्वतावरून उतरणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षे डोंगर झिजवून जो गाळ ह्या सपाटीवर आणून टाकला, त्याबरोबर सोन्याची अतिसूक्ष्म, पिठासारखी कणी येथे पसरली आहे. ती खडकात शिरेने बसलेली नसून वाळूत विखुरलेली असते, आणि म्हणूनच ती काढायला मोठ्या कंपनीची, बोगद्यांची वा कोट्यवधींच्या भांडवलाची आवश्यकता नाही. एक डिझेलचे इंजिन, एक पंप, रबरी नळ, चार-पाच माणसे आणि थोडा पारा एवढ्यावर धंदा उभा राहतो. २००० साली सोन्याचा भाव औंसाला ३०० डॉलरच्याही खाली होता. २०११ मध्ये तो १,९०० च्या घरात गेला आणि २०२५ मध्ये त्याने ४,००० ची मर्यादा ओलांडली. २०११ च्याच सुमारास ब्राझीलला पेरूच्या किनाऱ्याशी जोडणारा आंतरमहासागरी महामार्ग ह्या अरण्यातून पक्का झाला. भाव चढला, रस्ता झाला, आणि अँडीजच्या थंड, नापीक उतारांवर बटाट्याची शेती करून ज्यांचे पोट भरत नव्हते अशी हजारो माणसे कुस्को आणि पुनो भागांतून खाली उतरली. त्यांना लुटारू म्हणण्यास माझे मन धजत नाही. पोटाच्या मागे लागून कोकणातला माणूस ज्या निरुपायाने गिरणीत गेला, तोच निरुपाय त्यांच्या पाठीशी आहे.

आपल्याकडे सोनारांच्या आळीतली धूळ, भट्टीची राख झाडून-धुऊन तिच्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत. काही गावांत ते अजूनही आहेत. माद्रे दे दिओसच्या काठी चालते ती झारेकऱ्याचीच विद्या, मात्र तिची झारी नदीएवढी झाली आहे. अरण्य तोडून जमीन उघडी केली जाते, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काठ फोडले जातात, आणि तो चिखल पंपाने ओढून उतरत्या घसरणीवर सोडतात, जिच्यावर गालिच्यासारखे जाड कापड अंथरलेले असते. वाळू वाहून जाते, जड कणी कापडात अडकते. दिवस संपला की ते कापड पिंपात झटकतात, उरलेल्या काळ्या वाळूत पारा ओततात आणि पुष्कळदा एखादा माणूस त्या पिंपात उतरून अनवाणी पायांनी तो लगदा तुडवतो. पारा सोन्याला धरतो. बाकीच्या वाळूला धरत नाही. मग ते मिश्रण फडक्यात घालून पिळायचे, म्हणजे मोकळा पारा गळून पडतो आणि हातात चांदीसारखा पांढरा, ओलसर गोळा राहतो. ह्या गोळ्यावर गॅसची ज्योत धरली की पारा वाफ होऊन उडून जातो आणि खाली पिवळे सोने उरते. किलोभर सोन्यामागे किलोभराहून अधिक पारा ह्या रीतीने खर्ची पडतो, असा सामान्यतः अंदाज केला जातो. त्याचा काही भाग वाफेने हवेत जातो आणि काही भाग गाळाबरोबर पाण्यात.

पेरूला पारा नवा नाही. सोळाव्या शतकात अँडीजमधल्या हुआंकावेलिका येथे पाऱ्याची खाण सापडली आणि स्पॅनिश राजसत्तेने ती आपल्या मक्त्यात घेऊन पोतोसीच्या चांदीसाठी शेकडो वर्षे तिचा उपसा केला. त्या खाणीत सक्तीने धाडलेली किती तद्देशीय माणसे कामी आली याचे दाखले वसाहतीच्या दप्तरांत आहेत. आजचा पारा मात्र बाहेरून येतो, आणि पेरूने आयातीवर निर्बंध घातल्यापासून त्यातला पुष्कळसा बोलिव्हियाच्या सरहद्दीवरून चोरवाटेने येतो.

येथपर्यंतची हकीकत खाणीची झाली. माशांची हकीकत नदीच्या तळाशी सुरू होते. धातुरूपातला पारा माशाने गिळला तरी फारसा अंगी लागत नाही, आणि म्हणूनच पुष्कळ खाणकामगार हातावर पारा खेळवून दाखवतात व ‘आम्हाला काही झाले नाही’ म्हणतात. परंतु जेथे पाणी थबकते, पालापाचोळा कुजतो आणि चिखलात प्राणवायू उरत नाही, तेथे राहणारे काही सूक्ष्म जंतू ह्या पाऱ्याला मिथिल-पाऱ्याचे रूप देतात, आणि ह्या नव्या रूपात तो सजीवांच्या शरीरात मुरू लागतो. शेवाळात तो अल्पांशाने शिरतो; शेवाळ खाणाऱ्या किड्यांत त्याहून अधिक; किडे खाणाऱ्या लहान माशांत त्याहून अधिक; आणि लहान मासे खाऊन वर्षानुवर्षे जगणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत त्याची मात्रा पाण्यातल्या मात्रेच्या लक्षावधी पट होऊ शकते. धुऊन, तळून वा उकळून तो जात नाही. माणसाच्या शरीरातला अर्धा मिथिल-पारा बाहेर पडायलाही दीड-दोन महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत दुसरे जेवण झालेले असते. गर्भवतीच्या रक्तातून तो वार ओलांडून गर्भाच्या घडत्या मेंदूपर्यंत पोहोचतो. जपानातल्या मिनामाता येथे रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्याने हेच झाले. १९५६ मध्ये त्या व्याधीची अधिकृत नोंद झाली आणि त्याच गावाचे नाव पुढे पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय कराराला मिळाले. मिनामाताच्या मासेमारांनी पारा वापरलेला नव्हता. माद्रे दे दिओसचे मासेमारही तो वापरत नाहीत.

प्रांताचे मुख्य ठाणे पुएर्तो माल्दोनादो. तांबोपाता नदी येथे माद्रे दे दिओसला मिळते आणि त्या संगमावर लांबट, सपाट होड्या लागतात, ज्यांच्या यंत्राच्या ‘पेके-पेके’ आवाजावरून त्यांना नावही तेच पडले आहे. ह्या होड्यांतून येणाऱ्या मालात ज्यांना मान होता ते मासे म्हणजे आपल्या शिंगाळ्यासारख्या लांब मिशांचे, बिनखवल्यांचे, मोठाले शिकारी मासे: सुंगारो, दोन्सेया, दोरादो. एक मोठा सुंगारो मिळाला की मासेमाराच्या घरी आठवड्याची सोय होई. २०१२ च्या सुमारास येथे संशोधकांनी बाजारातले मासे आणि नागरिकांचे केस तपासले, तेव्हा सर्वाधिक खपाच्या १५ जातींपैकी ९ जातींत पारा सुरक्षित मर्यादेहून अधिक निघाला आणि तपासलेल्या प्रौढांपैकी ७८ टक्के लोकांच्या केसांत तो मर्यादेपलीकडे आढळला. नदीकाठी राहणाऱ्या आदिवासी वस्त्यांत, जेथे मासा हाच मुख्य आहार आहे, ही मात्रा शहरी लोकांपेक्षाही अधिक होती. ज्यांना सोन्यातला गुंजभर वाटा मिळाला नाही, त्यांच्या अंगात पारा सर्वांत अधिक साठला, एवढाच ह्या आकड्यांचा अर्थ.

आता मासेमाराच्या बाजूने पाहा. त्याचा सर्वांत किमती मासा तोच सर्वांत विषारी ठरला. तळाचे शेवाळ खरवडून जगणारा बोकिचिको नावाचा मासा पुष्कळ सुरक्षित, पण तो लहान, काटेरी आणि स्वस्त. मोठ्या माशाची बदनामी झाली की गिऱ्हाईक सगळ्याच नदीच्या माशांकडे संशयाने पाहू लागते, कारण फळीवर पडलेल्या माशात पारा दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. आपल्या बायका माशाचा कल्ला उघडून लाली पाहतात आणि ताजेपणाची खात्री करून घेतात. पाऱ्याची खात्री करायला असा कोणताच कल्ला उघडता येत नाही. सरकारने २०१६ च्या मे महिन्यात पाऱ्याच्या प्रादुर्भावामुळे ह्या प्रांताच्या अकरा तालुक्यांत साठ दिवसांची आणीबाणी पुकारली आणि अमुक मासे खाऊ नका असे बजावले. सल्ला शास्त्रशुद्ध होता. मात्र ज्याच्याजवळ जाळे आणि होडी यांखेरीज दुसरे साधन नाही, त्याने त्या साठ दिवसांत आणि नंतर काय विकावे, याची तजवीज त्या फर्मानात नव्हती.

पाऱ्याची चर्चा फार होते. गाळाची तेवढी होत नाही, आणि माझ्या मते मासेमाराचे नित्याचे नुकसान गाळानेच अधिक होते. ह्या नद्यांना पूर्वी एक ठरलेला ऋतुक्रम होता. पावसाळ्यात त्या तांबूस, गढूळ असत आणि कोरड्या महिन्यांत निवळत. माशांचे अंडी घालणे, पिलांचे काठच्या उथळात वाढणे, शिकारी माशाने डोळ्यांनी भक्ष्य हेरणे, हे सारे त्या क्रमाला बांधलेले. उपग्रहांनी टिपलेल्या अनेक वर्षांच्या चित्रांवरून असे आढळले आहे की खाणपट्ट्यातल्या नद्यांत हा क्रमच उलटा झाला आहे: कोरड्या ऋतूत, नदीत पाणी कमी असताना, पंप जोरात चालतात आणि नदी नेमकी निवळायच्या दिवसांत गढूळ होते. बारीक माती माशांच्या कल्ल्यांत बसते, अंड्यांवर थर धरते, पाण्यात ऊन शिरू देत नाही. ऊन नाही म्हणून शेवाळ नाही, आणि शेवाळ नाही म्हणून ते खाणारा मासाही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत नदीपात्रातल्या खाणकामाची झळ पोचलेल्या १७३ मोठ्या नद्या मोजल्या गेल्या आणि त्यांपैकी ८० टक्के नद्यांतील गाळाचे प्रमाण खाणकामापूर्वीच्या दुपटीहून अधिक झालेले दिसले.

गोमंतकीय वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. डिचोली-सांग्याकडच्या लोहखाणींचा लाल गाळ ओढ्यानाल्यांतून शेतांत आणि नद्यांत उतरलेला त्यांनी पाहिला आहे, आणि मानशीच्या, म्हणजे खाजणाच्या पाणदाराच्या, तोंडाशी जाळे लावणाऱ्या माणसाला गढूळ पाण्याची किंमत कोणत्याही पाहणीवाचून कळते.

येथे एक गोष्ट न्यायासाठी नमूद केली पाहिजे. दोरादो नावाचा जो मासा वर उल्लेखिला, तो गोड्या पाण्यातल्या माशांत सर्वांत दूरचा प्रवासी आहे. अँडीजच्या पायथ्याशी त्याचा जन्म होतो, पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत थेट अटलांटिकजवळच्या अमेझॉनच्या मुखापर्यंत जातात, तेथे वाढतात आणि वयात आल्यावर जन्मस्थानाकडे परत फिरतात. हा जाण्यायेण्याचा प्रवास सुमारे ११,६०० किलोमीटर भरतो. आपल्या वारीला जाणाऱ्या माणसाने ह्या माशाला नमस्कार करावा, इतकी त्याची निष्ठा आहे. माद्रे दे दिओसचे पाणी ज्या मदेइरा नदीत जाते, तिच्यावर ब्राझीलमध्ये सांतो आंतोनियो आणि जिराऊ ही दोन मोठी जलविद्युत धरणे गेल्या दशकात उभी राहिली आणि त्या परतीच्या वाटेवर भिंत आली. तेव्हा माद्रे दे दिओसच्या मासेमाराच्या जाळ्यात मोठे मासे कमी झाले त्याला खाणी हे एकच कारण नाही. परंतु एका अंगाने भिंत आणि दुसऱ्या अंगाने पारा अशा कात्रीत जी माणसे सापडली, त्यांना दोन कारणांची वाटणी सांगून काय उपयोग?

ह्याच अवस्थेत तळ्यांचा विचार पुढे आला. पेरूच्या अमेझॉन-संशोधन संस्थेने आणि काही संवर्धनवादी संस्थांनी महामार्गालगतच्या शेतकऱ्यांना तळी खणून मासे पाळण्यास प्रोत्साहन दिले, आणि त्यासाठी निवडलेला प्रमुख मासा म्हणजे आपला रूपचंद, तिकडचा पाको. निवड विचारपूर्वक होती. हा मासा शिकारी नाही. फळे, बिया, मका, सोयाबीन यांवर तो वाढतो, वर्षभराच्या आतबाहेर किलोभर होतो आणि लोकांच्या जिभेला आधीपासून परिचित आहे. अन्नसाखळीच्या खालच्या पायरीवर राहणारा, लवकर काढणीला येणारा आणि बाहेरून आणलेल्या खाद्यावर पोसलेला मासा पारा साठवणार तरी कोठून? तपासण्यांतही तेच दिसले: तळ्यातल्या माशांत पाऱ्याचे प्रमाण नदीतल्या शिकारी माशांहून पुष्कळ कमी आणि मर्यादेच्या आत निघाले. ज्या घरात गर्भवती स्त्री वा लहान मूल आहे त्या घरासाठी ही केवढी दिलाशाची गोष्ट आहे, हे मला कमी लेखायचे नाही.

तथापि तळे काढणे आणि नदीवर जाळे टाकणे ह्यांत एक मूलभूत भेद आहे. नदी सर्वांची असते. तळे ज्याच्याजवळ जमीन आहे त्याचे. खोदाईचे यंत्र भाड्याने आणायचे, बोटुकली विकत घ्यायची, आणि अँडीज ओलांडून ट्रकने येणाऱ्या खाद्याच्या गोण्या महिनोन्महिने उधारीवर घेत राहायचे, मग वर्षाअखेर एकदम पैसा हाती यायचा. हे ज्याला पेलते तो शेतकरी. मासेमाराचा संसार रोजच्या रोख विक्रीवर चालतो. शिवाय पाको हा तळ्यात आपण होऊन वीत नाही. निसर्गात तो प्रवाहाविरुद्ध प्रवास करून अंडी घालतो, म्हणून तळ्यातल्या मादीला संप्रेरकाची टोचणी देऊन प्रेरित प्रजनन करावे लागते, आणि मत्स्यजिऱ्यापासून बोटुकलीपर्यंतचा सारा व्यवहार बीजकेंद्राच्या हाती राहतो. त्या केंद्रातल्या जनक माशांची परंपरा शेवटी नदीपर्यंतच जाते. नदीचे पाकोच संपले तर तळ्यांना नवे रक्त कोठून मिळणार, हा प्रश्न शेतकऱ्याला आज पडत नसला तरी मत्स्यशास्त्रज्ञाला पडतोच.

आणखी एक मोह ह्या प्रांतात सतत समोर उभा असतो. सोने काढून झाल्यावर खाणवाले मागे ठेवून जातात ते हजारो खड्डे. पावसाने भरून ते कोठे हिरवट-निळे, कोठे पिवळे दिसतात आणि विमानातून पाहणाऱ्याला अरण्याच्या अंगावर देवी उठल्यासारखे वाटतात. तळी आयतीच खणून झाली आहेत, मग त्यांतच मासे का सोडू नयेत? ज्याला खोदाईचा खर्च पेलत नाही त्याला हा विचार सुचणे अगदी स्वाभाविक आहे, आणि तसे प्रयोगही झाले आहेत. परंतु ह्याच साचलेल्या पाण्यात तो जंतूंचा व्यवहार सर्वांत जोमाने चालतो. संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की अशा कृत्रिम तलावांत पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर नद्यांच्या तुलनेत पाच ते सात पट होते. बाहेरचे खाद्य घालून अल्पकाळात वाढवलेल्या पाकोच्या अंगी ते फारसे लागले नाही, तरी त्याच पाण्यात आपोआप शिरलेले शिकारी मासे कोणी पकडून खाल्ले तर त्याचे काय? हे खड्डे उभ्या काठांचे, खोल आणि उपसता न येणारे असतात. त्यांतून एकूण एक मासा काढून तळे कोरडे करणे, जे चांगल्या मत्स्यपालनाचे पहिले कर्तव्य, ते तेथे अशक्य. हवेत गेलेला पाराही हवेत राहत नाही. खाणीजवळच्या उभ्या अरण्याची पाने तो झेलतात आणि पावसाबरोबर व पानगळीबरोबर तो जमिनीत उतरतो, हे ह्याच प्रांतात मोजले गेले आहे. मग खाणीपासून कोसभर अंतरावरच्या तळ्याच्या मालकाने स्वतः पारा कधी हातात धरला नसला, तरी त्याने निश्चिंत कसे राहावे?

सरकारदरबारी काहीच झाले नाही असे नाही. २०१२ मध्ये नदीपात्रातल्या तरंगत्या उपसायंत्रांवर कायद्याने बंदी आली आणि खाणकामासाठी एक ठरावीक पट्टा आखून देण्यात आला. २०१९ च्या फेब्रुवारीत ला पाम्पा नावाच्या, तांबोपाता अभयारण्याच्या कडेला वसलेल्या खाणनगरीत सुमारे दीड हजार पोलीस आणि सैनिक उतरले. यंत्रे जाळली गेली, माणसे हुसकली गेली, आणि त्या जागेतली अरण्यतोड नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे उपग्रहचित्रांत दिसले. पण हुसकलेली माणसे दुसऱ्या ओढ्यांच्या काठी गेली, कारण ज्या गरजेने ती आली होती ती गरज जाळता आली नाही. परवान्याची पद्धत अशी गुंतागुंतीची की एकाच जमिनीवर एकाचा खाणपट्टा, दुसऱ्याचा शेतीचा हक्क आणि तिसऱ्याचा अरण्यातली फळे गोळा करण्याचा मक्ता असे तीन दस्तऐवज असू शकतात. जो खाणकामगार कायद्याच्या चौकटीत यायला तयार आहे त्याला कागद मिळायला वर्षे लागतात, आणि जो तयार नाही त्याला रात्रभर पंप चालवायला कोणताच कागद लागत नाही.

हे दुःख एकट्या पेरूचे नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात अशा खाणकामाला गलामसे म्हणतात, आणि प्रा व अंकोब्रा ह्या नद्या त्यापायी दुधाळ चहाच्या रंगाच्या झाल्या आहेत. प्रा नदीच्या मुखाशी शामा नावाचे मासेमारांचे गाव आहे, जेथे १४७१ मध्ये पोर्तुगीजांनी त्या किनाऱ्यावरचा सोन्याचा व्यापार सुरू केला. त्याच नदीवरच्या सेकिएरे हेमांग जलशुद्धीकरण केंद्राला २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुरवठा कमी करावा लागला, कारण २,००० एनटीयूपर्यंतचा गढूळपणा हाताळण्यासाठी बांधलेल्या त्या यंत्रणेपाशी सरासरी १४,००० एनटीयूचे पाणी येत होते. पिण्याच्या पाण्यात हा अंक पाचाच्या आत असावा लागतो. जे पाणी माणसासाठी गाळून घेता येत नाही, त्यात माशाने कल्ला कसा हलवावा?

सोन्याच्या छोट्या खाणींवर सत्तरांहून अधिक देशांत एक ते दोन कोटी माणसे पोट भरतात, आणि माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक पारा ह्या एका उद्योगातून जातो. मिनामाता करार २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमलात आला; पेरू, घाना आणि २०१८ पासून भारत, तिघेही त्याला बांधील आहेत. पाऱ्यावाचून सोने वेगळे करण्याच्या रीती आहेत: हलत्या मेजावर पाण्याच्या पातळ थराने जड कणी अलग करता येते, आणि गोळा तापवताना बंद भांडे वापरले तर वाफ झालेला बहुतेक पारा परत धरता येतो. त्या यंत्रांसाठी छोट्या खाणवाल्याला कर्ज आणि त्याच्या प्रामाणिक सोन्याला थोडा चढा भाव मिळाला पाहिजे. हा भाव विकत घेणाऱ्याने द्यायचा असतो, आणि तो विकत घेणारा पुष्कळदा आपल्या घरातला असतो. नदीवरच्या जाळ्याचा तोटा मात्र यंत्रांनीही तत्काळ भरून निघणार नाही. गाळात बसलेला पारा पिढ्यान्पिढ्या राहतो, आणि तळी कितीही उत्तम चालली तरी ती नदीची जागा घेऊ शकत नाहीत, असेच माझे स्पष्ट मत आहे. तळे हा आजारी घरातला पथ्याचा आहार आहे. त्याने रोगी तगतो, रोग जात नाही.

गुढीपाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला आपण सोने घेतो तेव्हा त्यावर हॉलमार्कचा शिक्का पाहून घेतो, आणि ते योग्यच आहे. त्या शिक्क्यावरून सोने किती कॅरटचे हे कळते, ते कोणत्या नदीतले हे कळत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना माझी विनंती एवढीच: सराफाला सोने कोठून आले हे विचारावे, त्याला सांगता आले नाही तरी विचारावे, कारण हजार घरांतून तोच प्रश्न गेला तर तो आपल्या पुरवठादाराला विचारल्यावाचून राहणार नाही. आणि आजीच्या पाटल्या, मोडकी साखळी, एकाकी राहिलेले कुडे कपाटात पडले असतील, तर ते मोडीत घालून नवा दागिना घडवून घ्यावा. मोडीच्या सोन्याला नव्याने पारा लागत नाही.